परदेशातून येणाऱ्या पेमेंटवर चलन रूपांतराचा खर्च कसा लागतो आणि तो कसा मोजावा

परदेशी ग्राहकाकडून पहिल्यांदा ऑनलाइन पैसे घेण्याची वेळ येते तेव्हा बहुतेक नवे व्यावसायिक एकच प्रश्न विचारतात: "गेटवे किती टक्के घेतो?" प्रश्न योग्य आहे, परंतु अपुरा आहे. गेटवेने, म्हणजे आपल्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट कंपनीने, जाहीर केलेले शुल्क हा खर्चाचा एक भाग असतो आणि पुष्कळदा तो सर्वांत मोठा भागही नसतो. बाजार समितीत माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई, अडत असे प्रत्येक कापणीचे नाव लिहिलेले असते. परदेशी पेमेंटमध्ये मात्र सर्वांत जड कापणी विनिमय दराच्या आत दडलेली असते आणि तिच्यासाठी विवरणपत्रात वेगळी ओळ नसते. ही दडलेली कापणी शोधून तिचा आकडा कसा काढावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. घरून काम करणारे डिझायनर, अनुवादक व प्रोग्रामर, परदेशात माल पाठवणारे छोटे विक्रेते आणि परदेशी पाहुण्यांकडून आगाऊ रक्कम घेणारे अतिथीगृहाचे चालक, अशांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

पहिली पायरी: मध्यदर ठाऊक असू द्या

प्रत्येक चलनाला कोणत्याही क्षणी दोन दर असतात. बँक ज्या दराने आपल्याकडून डॉलर घेते तो खरेदी दर आणि ज्या दराने आपल्याला डॉलर देते तो विक्री दर. या दोहोंच्या मधोमध, बँका एकमेकींशी मोठे व्यवहार करतात त्या पातळीवर, जो दर असतो त्याला या लेखात मध्यदर म्हटले आहे. इंटरनेटवर "डॉलरचा आजचा भाव" शोधल्यावर जो आकडा दिसतो तो साधारणपणे हाच असतो. या दराने आपल्याला सहसा कोणी पैसे देत नाही, पण मोजपट्टी म्हणून दुसरा कोणताही आकडा उपयोगाचा नाही.

मोजपट्टी अधिकृत हवी असेल तर फायनान्शिअल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे रुपयातील संदर्भ दर प्रसिद्ध करते. हे काम पूर्वी रिझर्व्ह बँक स्वतः करीत असे. जुलै २०१८ पासून ते या संस्थेकडे आले. दुबई किंवा अबुधाबीतील ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या प्रमाणाला बांधलेला आहे. म्हणून डॉलरचा मध्यदर ८५ रुपये असेल, तर दिरहमचा मध्यदर ८५ भागिले ३.६७२५, म्हणजे सुमारे २३ रुपये १४ पैसे इतका असायला हवा. दिरहमसाठी मिळालेला भाव योग्य आहे की नाही, हे त्यामुळे घरच्या घरी एका भागाकारात कळते.

बँकेच्या दरपत्रकात आपल्या कामाचा रकाना "टीटी खरेदी" (टेलिग्राफिक ट्रान्सफर) हा आहे. परदेशातून इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेल्या रकमेला तो लागू होतो. नोटांच्या खरेदीचा दर याहून बराच कमी असतो, आणि दरपत्रक पाहताना नवखे लोक चुकून त्याच रकान्यावर बोट ठेवतात.

दुसरी पायरी: चलन नेमके कोण बदलणार आहे, ते ओळखा

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, त्यामुळे येथे थोडे थांबू. ग्राहकाच्या खात्यातून निघालेले परदेशी चलन आपल्या खात्यात रुपये होऊन पोहोचेपर्यंत ते बदलण्याची संधी तिघांना मिळते: ग्राहकाच्या बँकेला, मधल्या पेमेंट कंपनीला आणि आपल्या बँकेला. जो बदलतो, तो आपला नफा दरात मिसळतो. त्यामुळे किंमत कोणत्या चलनात सांगायची, हा निर्णय प्रत्यक्षात "रूपांतराचा खर्च कोणी सोसायचा" याचा निर्णय असतो.

दक्षिण गोव्यातील काणकोणच्या एखाद्या अतिथीगृहाचे उदाहरण घेऊ. संकेतस्थळावर आगाऊ रक्कम ८,५०० रुपये अशी लिहिली असेल आणि इंग्लंडमधील पाहुण्याने आपल्या कार्डाने ती भरली, तर पौंडाचे रुपये करण्याचे काम व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखे कार्ड नेटवर्क करते. नेटवर्कचा दर मध्यदराच्या पुष्कळ जवळ असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावरील गणनयंत्रात कोणालाही पाहता येतो. त्यावर पाहुण्याची बँक आपले शुल्क लावू शकते. काही कार्डांवर ते शून्य असते, तर काहींवर सुमारे तीन टक्क्यांपर्यंत जाते. चालकाच्या हिशेबात यांतले काहीच येत नाही. त्याला ८,५०० रुपयांतून फक्त गेटवेचे शुल्क वजा होऊन रक्कम मिळते.

तीच किंमत संकेतस्थळावर १०० डॉलर अशी लिहिली असेल आणि खाते रुपयांत असेल, तर डॉलरचे रुपये करण्याचे काम पेमेंट कंपनी करते आणि तो खर्च चालकाच्या अंगावर येतो. शिवाय पाहुणा इंग्लंडचा असल्याने त्याची बँकही पौंडाचे डॉलर करते. एका आगाऊ रकमेसाठी दोन वेळा चलन बदलले गेले आणि दोन्ही वेळा कोणीतरी आपला वाटा घेतला.

मग सगळ्यांनी रुपयांतच किंमत लिहावी का? माझ्या मते, ज्यांचे ग्राहक प्रवासी आहेत आणि कार्डाने पैसे भरतात त्यांनी रुपयांपासून सुरुवात करावी, कारण एकूण खर्च त्यात सहसा कमी असतो आणि आपली मिळकत आधीच ठाऊक असते. परदेशी कंपन्यांसाठी सेवा देणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील हिशेबनीसाला रुपयांतले बीजक नकोसे वाटते. पुढल्या महिन्यात नेमके किती डॉलर द्यावे लागतील हे त्याला सांगता येत नाही. तेथे डॉलरमध्येच बीजक द्यावे आणि खर्च आपला धरून दर ठरवावा.

तिसरी पायरी: हाती पडणाऱ्या रुपयांचा हिशेब करा

समजा, कोल्हापुरातील एका डिझायनरने अमेरिकेतील ग्राहकाला १,००० डॉलरचे बीजक दिले आहे. मध्यदर ८५ रुपये धरू. कोठेही काही कापले गेले नसते, तर ८५,००० रुपये मिळाले असते. पुढील दर उदाहरणासाठी घेतलेले आहेत. आपल्या सेवेचे दर तिच्या दरपत्रकातून घ्यावेत.

पहिला मार्ग ऑनलाइन पेमेंट कंपनीचा. तिचे व्यवहार शुल्क ४.४ टक्के अधिक ३० सेंट आहे आणि रूपांतर करताना ती मध्यदरापेक्षा ४ टक्के कमी भाव देते, असे धरू. शुल्काचे ४४ डॉलर ३० सेंट गेल्यावर ९५५ डॉलर ७० सेंट उरतात. मध्यदरातून ४ टक्के वजा केल्यावर भाव ८१ रुपये ६० पैसे होतो. खात्यात ७७,९८५ रुपये जमा होतात. म्हणजे एकूण ७,०१५ रुपये, अर्थात सुमारे सव्वाआठ टक्के, वाटेत गेले. आणि दरपत्रकात ठळक अक्षरांत दिसत होते ते फक्त ४.४ टक्के.

दुसरा मार्ग स्विफ्टमार्फत, म्हणजे जगभरच्या बँकांना जोडणाऱ्या संदेशजाळ्यामार्फत, थेट बँकेत रक्कम मागवण्याचा. येथे टक्केवारी कमी असते, पण ठोक रकमा जास्त असतात. मधल्या प्रतिनिधी बँकेने २० डॉलर कापले, आपल्या बँकेने ८४ रुपये ३० पैशांचा भाव दिला आणि सेवाशुल्क म्हणून जीएसटीसह २३६ रुपये घेतले, असे धरू. ९८० डॉलरचे ८२,६१४ रुपये होतात. चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो आणि त्याची पद्धत जरा विचित्र आहे: कर सगळ्या रकमेवर नसून नियमाने ठरवलेल्या "सेवामूल्या"वर असतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी हे मूल्य रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये धरले जाते आणि त्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणून लहानात लहान व्यवहारालाही ४५ रुपये लागतात. आपल्या उदाहरणात हा कर सुमारे १४९ रुपये होतो. सर्व वजा जाता ८२,२२९ रुपये हाती येतात आणि एकूण खर्च सव्वातीन टक्क्यांच्या आसपास राहतो.

हे पाहून बँकेचा मार्ग सर्वांसाठी स्वस्त आहे असे वाटेल, तर तसे नाही. तेच बीजक २०० डॉलरचे असेल तर काय होते ते पाहा. पेमेंट कंपनीच्या मार्गाने १५,५७७ रुपये मिळतात. बँकेच्या मार्गाने २० डॉलर आधीच गेले, उरलेल्या १८० डॉलरचे १५,१७४ रुपये झाले, त्यातून कराचे ४५ आणि सेवाशुल्काचे २३६ रुपये वजा होऊन १४,८९३ रुपये उरले. मूळ किंमत १७,००० रुपये होती; म्हणजे बँकेच्या मार्गाने बारा टक्क्यांहून अधिक रक्कम गेली. येथे धरलेल्या दरांनुसार दोन्ही मार्ग सुमारे ३१० डॉलरच्या आसपास सारखे पडतात. त्याखाली पेमेंट कंपनी बरी, त्यावर बँक बरी. आपल्या दरांनुसार ही सीमारेषा एकदा काढून ठेवावी. नंतर प्रत्येक बीजकाच्या वेळी विचार करावा लागत नाही.

तिसऱ्या प्रकारच्या सेवाही आहेत. २०११ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या वाइझने मध्यदर तसाच ठेवून शुल्क वेगळे दाखवण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी ती उचलली. अशा सेवेत खर्च उघड दिसतो हा मोठा फायदा आहे. परंतु "शून्य शुल्क" अशी जाहिरात दिसली, की त्या कंपनीचा भाव आणि त्याच क्षणाचा मध्यदर शेजारी शेजारी लिहून पाहावा. ज्या सेवेत शुल्क शून्य असते, तिथे नफा बहुधा भावात असतो.

या सर्व तुलनेसाठी एकच सूत्र पुरेसे आहे: खात्यात जमा झालेले रुपये भागिले मध्यदराने होणारे रुपये. उत्तर ०.९६७ आले तर खर्च ३.३ टक्के. कोणत्या कापणीला कोणी काय नाव दिले आहे, याने या उत्तरात फरक पडत नाही.

चौथी पायरी: मधला फेरा काढून टाका

जर्मनीतील ग्राहक युरोत पैसे देणार, बीजक डॉलरमध्ये आणि खाते रुपयांत, अशी रचना सवयीमुळे पुष्कळ ठिकाणी होते. युरोचे डॉलर आणि डॉलरचे रुपये असे दोन फेरे होतात. ग्राहकाला त्याच्याच चलनात बीजक देता येते का आणि पेमेंट कंपनी त्या चलनाचे थेट रुपये करते का, हे आधी विचारावे.

दुसरा फेरा याहून कमी लक्षात येतो. महिन्याला डॉलर कमावणारा माणूस त्याच महिन्यात सॉफ्टवेअर, सर्व्हर किंवा जाहिरातींसाठी डॉलर खर्चही करतो. आलेल्या डॉलरचे रुपये करताना एकदा कापले जाते आणि रुपयांचे डॉलर करताना पुन्हा. असा खर्च नियमित आणि मोठा असेल, तर बँकेत ईईएफसी खाते उघडण्याचा विचार करावा. निर्यातीची कमाई या खात्यात परदेशी चलनातच ठेवता येते आणि व्यवसायाचे परदेशी खर्च त्यातून भागवता येतात. या खात्यावर व्याज मिळत नाही आणि शिल्लक अमर्याद काळ ठेवता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या मुदतीत ती रुपयांत बदलावी लागते. महिन्याला वीस-तीस डॉलरच्या खर्चासाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी: स्वतः परदेशी चलनात पैसे भरताना

भारतीय क्रेडिट कार्डावर परदेशी चलनातील खर्चाला सामान्यतः ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचे जादा शुल्क, लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून ४.१३ टक्के. महिना २० डॉलरची वर्गणी ८५ रुपयांच्या भावाने १,७०० रुपयांची दिसते, पण प्रत्यक्षात सुमारे १,७७० रुपये जातात. काही कार्डांवर मार्कअप दोन टक्के किंवा त्याहून कमी, क्वचित शून्यही असतो. परदेशी वर्गण्या भरण्यासाठी असे एक कार्ड वेगळे ठेवणे सोयीचे असते.

येथे एका सापळ्याची ओळख करून देणे आवश्यक आहे. परदेशी संकेतस्थळावर पैसे भरताना कधीकधी "डॉलरमध्ये भरा" आणि "रुपयांत भरा" असे दोन पर्याय येतात. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून लोक तो निवडतात. त्या वेळी रूपांतर आपली बँक किंवा कार्ड नेटवर्क करीत नाही, तर विक्रेत्याच्या बाजूची यंत्रणा स्वतः ठरवलेल्या भावाने करते, आणि हा भाव बहुधा महाग असतो. याहून खटकणारी बाब अशी, की विक्रेता परदेशात नोंदलेला असल्यास काही भारतीय बँका रुपयांत झालेल्या अशा व्यवहारावरही शुल्क लावतात. म्हणजे वाईट भावही सोसायचा आणि शुल्कही द्यायचे. पर्याय दिलेला असेल तेव्हा विक्रेत्याचे चलन निवडणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते.

सहावी पायरी: परताव्याची अट आधीच लिहून ठेवा

परतावा ज्या दिवशी होतो, त्या दिवशीच्या दराने तो बदलला जातो. काणकोणच्या पाहुण्याने ८,५०० रुपये भरले आणि महिन्याने आरक्षण रद्द केल्यावर त्याला पूर्ण ८,५०० रुपये परत केले, तरी त्याच्या खात्यात जमा होणारे पौंड पहिल्याइतके नसतात; कधी कमी, कधी थोडे जास्तही. त्याच्या बँकेने मार्कअप घेतला असेल तर तो परत मिळेलच असे नाही. आपल्या बाजूने पाहिले तर मूळ व्यवहारावर कापलेले शुल्क अनेक पेमेंट कंपन्या परत करीत नाहीत. त्यामुळे "परतावा मूळ व्यवहाराच्या चलनात आणि तेवढ्याच रकमेचा होईल, विनिमय दरातील फरक व बँकांचे शुल्क यांची जबाबदारी आमच्याकडे नाही" अशा अर्थाचे वाक्य आरक्षणाच्या पानावरच असावे. वाद झाल्यावर ते लिहून उपयोग नसतो.

सातवी पायरी: भाव मागून घ्या

छोट्या व्यावसायिकांना सहसा कोणी सांगत नाही, पण बँकेचा छापील भाव हा अंतिम भाव नसतो. काही हजार डॉलरची रक्कम येणार असेल, तर शाखेला आधी कळवून बँकेच्या ट्रेझरी, म्हणजे चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या, विभागाकडून त्या दिवसाचा विशेष भाव मागता येतो. रक्कम खात्यात बदलून जमा झाल्यावर मागणी करून काही होत नाही, म्हणून स्विफ्टचा संदेश आल्याचे कळताच बोलावे.

याशिवाय क्लीअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने ऑगस्ट २०१९ मध्ये एफएक्स-रिटेल नावाचा मंच सुरू केला. त्यावर बँकेच्या सामान्य ग्राहकाला बाजारातील चालू दराने डॉलरची खरेदी-विक्री करता येते आणि बँकेचा वाटा किती, हे आधीच ठरलेले असते. नोंदणी आपल्या बँकेमार्फतच करावी लागते, आणि शाखेतील कर्मचाऱ्यांना या मंचाची माहिती असेलच असे गृहीत धरू नये. परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेत चौकशी करणे बरे.

आठवी पायरी: कागद जुळवून ठेवा

रूपांतराचा खर्च हिशेबाच्या वहीत कसा दिसतो, याकडे वर्षअखेरीपर्यंत दुर्लक्ष होते. १,००० डॉलरच्या बीजकावर ७७,९८५ रुपये आले, म्हणून तेवढेच उत्पन्न लिहिणे बरोबर नाही. बीजकाची पूर्ण रक्कम उत्पन्न म्हणून आणि कापले गेलेले शुल्क खर्च म्हणून दाखवावे. दरातील फरक वेगळ्या खात्यात जावा. त्यासाठी पेमेंट कंपनीचे मासिक विवरणपत्र हवे, कारण कोणत्या दिवशी कोणता भाव लावला, हे फक्त त्यातच असते.

बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून परकीय आवक रकमेची सूचना, जिला व्यवहारात "फिरा" म्हणतात, प्रत्येक रकमेसाठी मागून घ्यावी. जीएसटीत नोंदणी असलेल्यांना सेवेची निर्यात कर न भरता करायची असेल, तर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला आरएफडी-११ या नमुन्यात हमीपत्र सादर करावे लागते आणि पैसे परदेशातूनच आले हे सिद्ध करायला ही सूचनाच कामी येते. भारतात परदेशी पेमेंट हाताळणाऱ्या बिगरबँक कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी स्वतंत्र नियमावली आणली, त्यामुळे नवी सेवा निवडताना तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का आणि ती अशी सूचना देते का, हे भावाच्या आधी विचारावे. सूचनेवरील रक्कम बीजकापेक्षा प्रतिनिधी बँकेच्या वीस डॉलरने कमी असेल, तर त्या वीस डॉलरचा पुरावा दाखवणारा स्विफ्ट संदेश बँकेकडून घेऊन त्याच बीजकाला जोडून ठेवावा.